पुणे आणि हैदराबाद : चौथाईच्या तंट्यातील वकिली

अठराव्या शतकातील दख्खनेत दोन सत्ता एकमेकींना खेटून उभ्या होत्या. एक साताऱ्याच्या छत्रपतींच्या नावाने चालणारी पेशव्यांची आणि दुसरी औरंगाबादेहून, पुढे हैदराबादेहून चालणारी निजामाची. पालखेड, भोपाळ, सिंदखेड, उदगीर, राक्षसभुवन, खर्डा या त्यांच्यातील लढायांची नावे सर्वांना ठाऊक आहेत. त्या लढायांचे प्रत्यक्ष दिवस मात्र थोडे भरतात. १७२१ पासून १७९५ पर्यंतच्या पाऊणशे वर्षांतला बाकीचा सारा काळ मागण्या, तक्रारी, हिशेब, भेटी आणि तह यांत गेला. ते काम एका दरबाराचा वकील दुसऱ्या दरबारात राहून करीत असे. लढाईच्या वर्णनांपुढे या माणसांची आठवण मागे पडली. दोन्ही राज्ये इतकी वर्षे एकमेकांशेजारी नांदली, त्याचे श्रेय त्यांच्याकडेही जाते.

तंट्याचे मूळ १७१९ च्या सनदांत होते. पेशवे बाळाजी विश्वनाथ भट दिल्लीला गेले आणि बादशाहाकडून स्वराज्य, चौथाई आणि सरदेशमुखी यांच्या सनदा घेऊन परतले. औरंगाबाद, वऱ्हाड, खानदेश, बीदर, हैदराबाद आणि विजापूर या सहा सुभ्यांच्या वसुलापैकी चौथा हिस्सा आणि त्यावर शेकडा दहा सरदेशमुखी छत्रपती शाहूंना मिळायची होती. हे सुभे ज्याच्या ताब्यात, त्याच्याकडूनच हा पैसा यायचा. लवकरच मीर कमरुद्दीन, म्हणजे पहिला निजामुल्मुल्क आसफजाह, या सुभ्यांचा धनी झाला. १७२४ मध्ये साखरखेर्ड्याला मुबारिझखानाचा पराभव केल्यावर तो दिल्लीचा नावापुरताच नोकर उरला.

आता एकाच परगण्यात दोन सरकारांची माणसे बसू लागली. निजामाचा आमील एका बाजूने वसूल मागे, पेशव्यांचा कमाविसदार दुसऱ्या बाजूने आपला हिस्सा मागे. याला दुअंमल म्हणत. पीक बुडाले तर सूट कोणाच्या हिश्श्यातून द्यायची, पडीक जमीन हिशेबात धरायची की नाही, मागली बाकी कोणत्या दराने लावायची, असे प्रश्न दरसाल उठत. पाटील आणि रयत यांना दोन्ही बाजूंचा तगादा सोसावा लागे. आपल्या मुलखात मराठ्यांचे अंमलदार नकोत, हवे तर रोख रक्कम घ्या, अशी निजामाची इच्छा होती. पेशव्यांना रोख रकमेच्या आश्वासनापेक्षा गावात बसलेला कमाविसदार भरवशाचा वाटे. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते, म्हणून हा तंटा एका तहाने मिटण्यासारखा नव्हता. चौथाई दरसाल येणे होती, तेव्हा तिच्याविषयीचे बोलणेही दरसाल चालू ठेवणे भाग होते.

पहिल्या काळात हे बोलणे धनी स्वतःच करीत. जानेवारी १७२१ मध्ये चिखलठाण येथे बाळाजी विश्वनाथांचे पुत्र पेशवे बाजीराव आणि निजाम पहिल्यांदा भेटले. पुढच्या तीन वर्षांत माळव्याच्या बाजूला आणखी दोन भेटी झाल्या. बाजीराव तेव्हा ऐन विशीत होते आणि निजाम पन्नाशी ओलांडलेला, औरंगजेबाच्या छावणीत वाढलेला सेनानी होता. दोघांनी एकमेकांना जोखले ते या भेटींत. १७२७ मध्ये निजामाने नवा डाव टाकला. छत्रपती शाहू आणि कोल्हापूरचे संभाजी यांपैकी खरा हक्कदार कोण हे ठरेपर्यंत चौथाई देता येत नाही, असे म्हणून त्याने वसूल अडवला. मराठ्यांच्या घरातील भांडण निजामाला हत्यार म्हणून कसे वापरता येते, हे पुण्याला तेव्हा कळले.

फेब्रुवारी १७२८ मध्ये पालखेडजवळ बाजीरावांनी निजामाला त्याच्या जड तोफखान्यापासून तोडून पाण्यावाचून कोंडले. तरीही त्याचा नाश करण्याचा प्रयत्न केला नाही. निजामाचा सरदार ऐवजखान याच्यामार्फत बोलणे लागले आणि ६ मार्च १७२८ रोजी मुंगी-शेवगाव येथे तह झाला. निजामाने शाहूंचा चौथ-सरदेशमुखीचा हक्क मान्य केला आणि संभाजींचा पक्ष सोडला. हाती आलेला शत्रू सोडला म्हणून या तहावर टीका होत आली आहे. ती टीका त्या वेळच्या अडचणी विसरते. निजामाला बुडवले असते तर दिल्लीहून दुसरा सुभेदार आला असता, किंवा त्याचे सरदार आपापल्या जागी स्वतंत्र झाले असते आणि चौथाई मागायला एक धनीही उरला नसता. वसुली करायची तर देणारा जागेवर असावा लागतो, हे बाजीराव जाणत होते.

डिसेंबर १७३२ मधील रोहे-रामेश्वरची भेट याहून धाडसाची. निजामाच्या छावणीत जाणे म्हणजे जिवाशी खेळ, असे साताऱ्यात अनेकांना वाटत होते. बाजीराव तरी गेले. दक्षिणेत निजामाला फारसे छेडायचे नाही आणि उत्तरेतील मराठ्यांच्या हालचालींत निजामाने आडवे यायचे नाही, असा समज तेथे झाला. तो पाच वर्षे टिकला. १७३७ मध्ये बादशाहाच्या बोलावण्यावरून निजाम उत्तरेला गेला, भोपाळला कोंडला गेला आणि जानेवारी १७३८ मध्ये दुराईसराई येथे त्याला माळव्यावरील मराठ्यांचा हक्क कबूल करावा लागला.

धन्यांच्या भेटी क्वचित होत. रोजचे काम वकिलाचे. वकील दरबारी आला की त्याला सामोरे जाऊन आणणे, त्याच्याकडून खलिता आणि नजर घेणे, त्याला वस्त्रे देणे, निरोपाच्या वेळी विडा आणि अत्तर देणे हा शिष्टाचार दोन्हीकडे पाळला जाई. कोण किती पावले पुढे आला, बसायला कुठे जागा दिली, वस्त्रे कोणत्या मोलाची होती, याची नोंद वकील धन्याला आवर्जून लिहून पाठवी. ती थोर माणसांची हौस नव्हती. मानात झालेली घट हे बिघाडाचे पहिले चिन्ह असे, आणि ते वेळेवर ओळखणे हे वकिलाचे कामच होते.

औपचारिक पत्र फारसीत जाई. पुण्यात ते पारसनिसाच्या हातून तयार होई. वकिलाची धन्याला जाणारी पत्रे मात्र मोडीत, मराठीत असत आणि खरी माहिती त्यांत असे. दरबारात कोणाचे वजन वाढले, फौजेचा पगार किती महिने थकला, निजामाची प्रकृती कशी आहे, इंग्रज किंवा फ्रेंच कोणाशी बोलले, हे सारे जासुदांच्या जोड्यांबरोबर पुण्याला पोहोचे. हैदराबादकडूनही असेच चाले. पुण्यातल्या घडामोडींची फारसी बातमीपत्रे तिकडे जात. त्यांतील बरीच टिकली आणि विसाव्या शतकात ‘पूना अखबार’ या नावाने हैदराबादेत छापली गेली. निलंग्याचे सेतुमाधवराव पगडी यांच्यासारख्या फारसी जाणणाऱ्या मराठी अभ्यासकांनी या दुसऱ्या बाजूच्या कागदांकडे मराठी वाचकांचे लक्ष वेधले. वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांच्या दप्तरातून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ छापला, त्यानेही या व्यवहाराचा मोठा भाग उजेडात आणला. दोन्ही बाजूंची पत्रे शेजारी ठेवून वाचली की एक गोष्ट ठळकपणे दिसते. दोन्ही दरबारांना एकमेकांच्या अडचणी बऱ्याचदा स्वतःच्या सरदारांपेक्षा आधी कळत होत्या.

तह ठरवताना मागण्यांची याद कलमवार लिहिली जाई आणि प्रत्येक कलमाखाली उत्तर नोंदले जाई. करार झाल्यावर एका बाजूने बेलभंडार, दुसऱ्या बाजूने कुराण, अशा शपथा होत. या व्यवहाराला आणखी एक आधार होता. निजामाच्या बाजूला मराठी माणसे पुष्कळ होती. भालकीचे चंद्रसेन जाधव आणि खर्ड्याचे सुलतानराव निंबाळकर हे त्याचे सरदार होते. पहिल्या निजामानंतर गादीवर आलेल्या त्याच्या मुलांपैकी सलाबतजंगाचा दिवाण राजा रघुनाथदास आणि निजामअलीचा दिवाण विठ्ठल सुंदर हे ब्राह्मण होते. त्यामुळे बोलण्याच्या बैठकीत दुभाष्याची गरज फारशी पडत नसे. या माणसांची निष्ठा आपल्या धन्याशी होती, हेही तितकेच खरे. विठ्ठल सुंदर पुण्याविरुद्ध लढतानाच पडला.

१७४८ मध्ये पहिला निजाम बऱ्हाणपुरास वारला आणि वारसाच्या भांडणात फ्रेंच सेनानी बुसी शिरला. या गोंधळाच्या वर्षांत तहांची रांगच लागली. १७५२ मध्ये भालकी, १७५७ च्या अखेरीस सिंदखेड, १७६० मध्ये उदगीर. प्रत्येक वेळी मुलूख पुण्याकडे सरकत गेला. उदगीरनंतर अहमदनगर, दौलताबाद, बऱ्हाणपूर आणि विजापूर ही ठाणी मराठ्यांना मिळायची ठरली. येथे तोल गेला असे म्हणावे लागते. मुंगी-शेवगावला देणारा जागेवर ठेवला होता. उदगीरला त्याच्याकडून इतके घेतले की पहिली संधी मिळताच तो उलटणार हे उघड होते.

ती संधी पानिपतावरील मराठ्यांच्या पराभवाने दिली. १७६१ च्या अखेरीस निजामअली पुण्याच्या रोखाने निघाला, वाटेत टोक्याची देवळे फोडली आणि उरुळीपर्यंत आला. तेथे पेशव्यांचे काका रघुनाथराव यांनी उदगीरला घेतलेल्या मुलखापैकी बराच परत देऊन सलूख केला. १७६३ मध्ये पुन्हा बिघडले. निजामाच्या फौजेने पुणे लुटले आणि जाळले, तर मराठ्यांनी हैदराबादच्या आसपासचा मुलूख लुटला. दोन्ही राजधान्यांच्या रयतेने एका उन्हाळ्यात जे भोगले ते आधीच्या चाळीस वर्षांत भोगले नव्हते. १० ऑगस्टला गोदावरीकाठी राक्षसभुवन येथे निजामाच्या मागे राहिलेल्या फौजेचा मोड झाला. सप्टेंबरात औरंगाबादेस तह होऊन ८२ लक्षांचा मुलूख पुण्याला मिळाला.

थोरल्या माधवराव पेशव्यांनी यानंतर जे केले ते या सगळ्या इतिहासातील सर्वांत विचारपूर्वक पाऊल होते. विजयाचा फायदा पुढे रेटण्याऐवजी त्यांनी निजामअलीशी बोलणे वाढवले. दोघांनाही त्रास देणारे नागपूरकर जानोजी भोसले हे त्यांना जोडणारे निमित्त ठरले. दोन्ही फौजा एकत्र वऱ्हाडात उतरल्या, जानेवारी १७६६ मध्ये जानोजींशी तह झाला आणि लगेच फेब्रुवारीत कुरुमखेड येथे पेशवे आणि निजाम यांची भेट झाली. तीन वर्षांपूर्वी एकमेकांच्या राजधान्या लुटणारे दोन दरबार एका छावणीत काही दिवस मुक्कामाला होते. माधवराव १७७२ मध्ये वारले तोपर्यंत निजामअलीने पुण्याविरुद्ध तलवार उचलली नाही. म्हैसूरचा हैदरअली आणि घरचे भाऊबंद या दोन आघाड्यांवर माधवराव लढू शकले ते पूर्वेची सीमा शांत होती म्हणून.

पुढची वीस वर्षे ही शांतता सांभाळण्याचे काम एका घराण्याकडे आले. कृष्णराव बल्लाळ काळे आणि त्यांच्यानंतर त्यांचे पुत्र गोविंदराव काळे हे हैदराबाद दरबारात पुण्याचे वकील होते. पेशवे नारायणरावांच्या खुनानंतर बारभाईंनी, म्हणजे पुण्याच्या कारभाऱ्यांच्या मंडळाने, रघुनाथरावांविरुद्ध उभारलेल्या फळीत निजाम आला. १७८० मध्ये इंग्रजांविरुद्ध पुणे, हैदराबाद, नागपूर आणि हैदरअली यांची चौकडी जमली. पुणेकरांनी मुंबईच्या बाजूने, हैदरने मद्रासच्या, निजामाने उत्तर सरकारांच्या आणि भोसल्यांनी बंगालच्या बाजूने इंग्रजांना दाबायचे, असा बेत होता. इंग्रजांनी गुंटूर परत देऊन निजामाला आणि पैसा देऊन भोसल्यांना थंड केले, त्यामुळे बेत अर्धाच पार पडला. तरीही पुणे आणि हैदराबाद यांतील दळणवळण तुटले नाही. १७८४ मध्ये यादगीर येथे पुण्याचे कारभारी नाना फडणीस स्वतः निजामअलीला भेटले. नाना पुणे सोडून सहसा परदरबारी जात नसत, हे पाहता या भेटीचे वजन कळते. हैदरचा मुलगा टिपू याच्याविरुद्धच्या १७८६ च्या मोहिमेत आणि नंतर १७९० च्या तिहेरी युतीत दोन्ही फौजा एका बाजूला होत्या.

गोविंदराव काळ्यांची नजर फार दूरवर जाई. महादजी शिंदे १७९२ मध्ये पुण्याला आल्यावर त्यांच्यात आणि नानांत वितुष्ट वाढले. ते मिटल्याची बातमी पोहोचली तेव्हा गोविंदरावांनी १७९३ मध्ये निजामाच्या दरबारातून नानांना लिहिलेले पत्र मराठी इतिहासातील अत्यंत गाजलेल्या पत्रांपैकी आहे. अटकेपासून दक्षिण समुद्रापर्यंतच्या राज्यविस्ताराचा अभिमान त्यात आहे म्हणून ते सहसा उद्धृत होते. ते वकिलाचे पत्र म्हणून वाचले तर त्यातला सुटकेचा श्वास अधिक जाणवतो. पुण्यातील भांडणाकडे हैदराबादेत किती आशेने पाहिले जात होते, हे त्या माणसाने रोज समोर बसून पाहिले होते.

चौथाईच्या थकबाकीचा प्रश्न मात्र दर वर्षी साचत गेला. टिपूशी युद्ध चालू असताना दोघांनीही तो बाजूला ठेवला. १७९२ मध्ये श्रीरंगपट्टणचा तह झाला आणि हिशेब पुन्हा पुढे आले. निजामाचा दिवाण मुशीरुल्मुल्क हा हुशार आणि महत्त्वाकांक्षी होता. इंग्रज आपल्या पाठीशी उभे राहतील अशी त्याची समजूत होती. निजामाच्या बाजूने मीर आलम पुण्याला येऊन गेला, तरी हिशेब जुळले नाहीत. गोविंदराव हैदराबादेत हिशेबाचा आग्रह धरून बसले असता मुशीरुल्मुल्काने भर दरबारात नानांनी स्वतः येऊन हिशेब समजावून द्यावा अशा अर्थाची भाषा केली. वकिलाला दिलेले असे उत्तर म्हणजे बोलणे संपल्याची सूचना होती. त्यातच फेब्रुवारी १७९४ मध्ये महादजी आणि त्याच वर्षी जूनमध्ये पुण्याचे सेनानी हरिपंत फडके वारले. युद्धाचा अनुभव असलेले आणि म्हणूनच युद्ध टाळण्याचे मोल जाणणारे दोन वडीलधारे पाच महिन्यांच्या आत गेले.

११ मार्च १७९५ रोजी खर्ड्याजवळ लढाई झाली. ती एका दिवसाचीच. निजाम रात्रीतून मागे सरून खर्ड्याच्या किल्ल्यात शिरला आणि तेथे अडकला. इंग्रज गव्हर्नर जनरल सर जॉन शोअरने तटस्थ राहण्याचे ठरवल्यामुळे मदत आली नाही. तहात दौलताबादचा किल्ला, मोठा मुलूख आणि थकबाकीसह कोट्यवधी रुपये निजामाने कबूल केले. मुशीरुल्मुल्कालाही पुण्याच्या स्वाधीन करावे लागले. हे शेवटचे कलम दूरदृष्टीचे नव्हते. दिवाणाला कैद केल्याने त्याचा धनी नरमला नाही. उलट पुण्यावरचा त्याचा विश्वास कायमचा उडाला.

त्याच वर्षी ऑक्टोबरात पेशवे सवाई माधवराव वारले आणि गादीच्या भांडणात पुण्याने खर्ड्याला मिळवलेले जवळजवळ सर्व गमावले. कैदेतला मुशीरुल्मुल्क आता सौदा करण्याजोगा माणूस ठरला. १७९६ मध्ये महाड येथे नानांनी दुसऱ्या बाजीरावांच्या बाजूने निजामाचा पाठिंबा मिळवण्यासाठी खर्ड्याचे बहुतेक लाभ परत देण्याचे मान्य केले. मुशीरुल्मुल्क सुटून हैदराबादेस परतला आणि पुन्हा दिवाण झाला. खर्ड्यात इंग्रज आले नाहीत याचा राग निजामाच्या मनात होता, पण पुण्याची भीती त्याहून मोठी होती. १ सप्टेंबर १७९८ रोजी त्याने इंग्रज गव्हर्नर जनरल वेलेस्लीशी तैनाती फौजेचा करार केला. १८०० च्या करारात परराज्यांशी स्वतंत्रपणे बोलणे करण्याचा हक्कही इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती गेला.

३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहात पेशव्यांनीही तेच मान्य केले. निजामावरील आपल्या मागण्यांचा निवाडा कंपनी करील, हे त्या तहाचे एक कलम होते. पुणे आणि हैदराबाद यांच्यातील जे बोलणे काळे घराण्याने जपले ते आता इंग्रज रेसिडेंटांच्या पत्रांतून होऊ लागले. वकील नावाला राहिले तरी त्यांना ठरवण्यासारखे काही उरले नाही. जून १८१७ च्या पुण्याच्या तहात इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टनने तेही नाव पुसले. परक्या दरबारी वकील ठेवायचा नाही आणि त्यांचा वकील आपल्याकडे घ्यायचा नाही, असे दुसऱ्या बाजीरावांकडून लिहून घेतले. पुढच्या वर्षी पेशवाई बुडाली आणि तिचे निजामावरील हक्क कंपनीकडे आले. १८२२ मध्ये कंपनीने निजामाशी नवा तह केला. सीमेवरील काही मुलखांची अदलाबदल झाली आणि पेशव्यांच्या हक्काने येणारी चौथाई, मागच्या बाकीसह, कायमची माफ करण्यात आली.